पोकळ झालेलं झाड तोडायचं की ठेवायचं?

मे महिन्यात मराठवाड्यातलं कोणतंही वर्तमानपत्र उघडा, वळवाच्या पावसाच्या बातम्या सारख्याच असतात. कुठे रिक्षावर गुलमोहर पडला, कुठे रेन ट्रीची फांदी तारांवर तुटून अर्ध्या गावाची वीज गेली, कुठे बाजारतळावरचं लिंब मुळासकट उन्मळलं. दुसऱ्या दिवशी मागणी होते, धोकादायक झाडं तोडा. तिसऱ्या दिवशी दुसरे लोक म्हणतात, एकाही झाडाला हात लावू देणार नाही. या वादात आठवडा जातो आणि मग गुत्तेदाराची माणसं मशीन घेऊन येतात, हाताला लागेल ते छाटतात आणि जळतन ट्रॅक्टरमध्ये भरून निघून जातात.

लोकांची भीती खोटी नाही. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर जुनं लिंब कोसळलं आणि ७ जणांचा जीव गेला. असं झाड आपल्याही गावात असेल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येणारच.

जुन्या झाडांची पाहणी करायची, दोर बांधून वर चढायचं आणि जेवढं लागेल तेवढंच कापायचं, हे माझं काम. या कामात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "आतून पोकळ झालंय, आता कितीसं टिकणार?" त्याचं उत्तर झाडागणिक वेगळं असतं. पण झाड कुजतं कसं आणि पडतं कसं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी योग्य झाडाकडे वळते.

झाड जिवंत असतं ते बाहेरून

जुन्या चिंचेचं खोड आडवं कापलेलं आरा मशीनवर कधी दिसलं तर थांबून बघा. सगळ्यात बाहेर साल. तिच्या आत कागदासारखा पातळ, ओलसर थर; खोडाची जाडी याच थरातून वाढते. त्याच्या आत फिकट लाकूड. ते मुळांकडचं पाणी वर नेतं आणि झाडाचं अन्न साठवून ठेवतं. आणि मधोमध काळपट तांबूस गाभा. गाभ्यात जिवंत पेशी नसतात. त्याचं काम वजन पेलण्याचं.

म्हणजे शंभर वर्षांच्या झाडाचा जिवंत भाग हा बाहेरच्या कड्यात असतो. गाभा कुजून गेला तरी पाणी वर चढतं, पालवी फुटते, फळ धरतं. आत चार लेकरं लपतील एवढी ढोली असलेल्या चिंचा दर वर्षी लगडलेल्या आपण बघतोच. झाडाच्या दृष्टीने पोकळी हा आजार असेलच असं नाही. बहुतेक जातींमध्ये तो म्हातारपणाचा नेहमीचा भाग आहे.

जखम भरत नाही, बंद केली जाते

आपल्याला कापलं तर त्याच जागी नवी कातडी येते. झाडाला ते जमत नाही. मेलेलं लाकूड पुन्हा जिवंत होत नाही, ते कायम आत राहतं. मग झाड काय करतं, याचं उत्तर अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी शोधलं. त्यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये जी मांडणी प्रसिद्ध केली, तिला आपण सोयीसाठी 'कप्पेबंदी' म्हणू. धाब्याच्या जुन्या वाड्यात एका खोलीचं माळवद खचलं, की घरची माणसं त्या खोलीचं दार चिणून टाकतात आणि बाकीच्या वाड्यात संसार चालू ठेवतात. झाड नेमकं हेच करतं. कूज जिथे शिरली तो भाग ते सोडून देतं आणि त्याच्याभोवती भिंती उभ्या करतं.

भिंती चार बाजूंच्या असतात आणि सगळ्या सारख्या मजबूत नसतात. खाली-वरची भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून कूज खोडात उभी पळते. आत जाणारी आणि आजूबाजूची त्याहून बऱ्या. चौथी मात्र फार पक्की असते. घाव बसला तेव्हा जे लाकूड होतं आणि त्यानंतर जे नवं लाकूड तयार झालं, त्या दोहोंच्या मधली ही भिंत.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. घाव बसला त्या वर्षी खोड जेवढं जाड होतं, कूज सहसा तेवढ्याच घेरात अडकून राहते. पडलेल्या लिंबाचा ओंडका चिरला तर हे डोळ्यांनी दिसतं: मधे भुसभुशीत, बोटाने उकरता येईल असा भाग, त्याच्याभोवती पेन्सिलीने काढावी तशी गडद तपकिरी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे घट्ट, स्वच्छ लाकूड. बुरशी त्या रेघेला वर्षानुवर्षं धडका देत असते.

रेघ फुटते ती दोन कारणांनी. एक, झाड अशक्त झालं तर. दोन, कुणीतरी नवा घाव घालून भिंतीला भगदाड पाडलं तर. जातीचाही फरक पडतो. लिंब आणि चिंच या बाबतीत चिवट, गुलमोहर फार कच्चा. त्यामुळे चिंचेतली ढोली आणि गुलमोहरातली ढोली यांना एकच माप लावता येत नाही.

पोकळ खोड उभं कसं राहतं?

वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा सगळा ताण बाहेरच्या कडेवर येतो. मधल्या लाकडाला फारसं काम नसतं. गोल नळीचं साधं गणित केलं तर खोडाचा निम्मा व्यास पोकळ झाल्यावर वाकण्याला तोंड देण्याची ताकद फक्त ६ टक्क्यांनी कमी होते. ७० टक्के व्यास पोकळ झाला तर सुमारे २४ टक्क्यांनी. पुढे मात्र उतार तीव्र आहे. ९० टक्के पोकळ झालं की दोन तृतीयांश ताकद गेलेली असते.

जर्मनीतले क्लाउस मॅथेक यांनी यावरून एक ढोबळ नियम दिला: शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी झाली की सावध व्हा. एक मीटर व्यासाच्या खोडाला चहूबाजूंनी १५ सेंटिमीटर घट्ट लाकूड हवं, असा त्याचा अर्थ. पण या नियमावर तज्ज्ञांनी बरेच आक्षेपही घेतले आहेत. ढोली एका बाजूला उघडी असेल तर नळीचं गणित लागू होत नाही, धोका वाढतो. उलट झाड बुटकं, घेर आटोपशीर असेल तर याहून पातळ भिंतीवरही ते अनेक पिढ्या उभं राहतं. नुसता आकडा बघून झाड तोडायला सांगणारा माणूस अर्धीच पाहणी करतो.

मग झाडं पडतात कशानं?

मुळांमुळे. अख्खं झाड उन्मळतं तेव्हा कारण जमिनीखाली असतं, आणि ते बहुतेक वेळा आपणच तयार केलेलं असतं.

झाड जेवढं वर तेवढंच खाली, हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-एक मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. आपल्याकडे तर थोडं खाली गेलं की मुरूम, त्याखाली काळा खडक. मुळं आडवीच जाणार. मग नळाची पाइपलाइन येते, नाली येते, केबल येते, रस्ता रुंद होतो. खोडापासून दोन-तीन फुटांवर जेसीबीने चर मारला की त्या बाजूचा आधारच तुटला. झाड लगेच पडत नाही, हिरवंही राहतं. तुटलेल्या मुळातून कूज चढत जाते आणि काही वर्षांनी जोराचं वारं आलं की ते आडवं होतं. तोवर तो चर कुणाच्या लक्षातही नसतो, आणि लोक म्हणतात झाड म्हातारं झालं होतं.

दुसरं कारण पार. वडा-पिंपळाला पार बांधणं ही आपली चांगली रीत, पण दगडमातीचा जुना पार आणि खोडाला चिकटवून ओतलेलं आजचं काँक्रीट यांत फार फरक आहे. पारात माती भरून खोडाची साल दोन-तीन फूट गाडली जाते. साल ही हवेत राहण्यासाठी आहे, ती मातीत कुजते. हे ओळखायचं सोपं आहे: निरोगी झाडाचा बुंधा जमिनीत शिरताना रुंदावतो, मुळांच्या धारा दिसतात. बुंधा खांबासारखा सरळ आत गेलेला दिसला, तर माती भरलेली आहे असं समजा. ती हाताने, हळूहळू काढावी लागते.

तिसरं दुष्काळ. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे उन्हाळे आठवा. काळी माती तळहात शिरेल एवढी भेगाळते तेव्हा बारीक मुळं तटातट तुटतात. झाडाची साठवलेली शिदोरी संपते आणि कप्प्यांच्या भिंती उभ्या करायला बळ उरत नाही. त्याचा परिणाम दोन-चार वर्षांनी शेंडे वाळून दिसू लागतो, तेव्हा कदाचित पाऊस चांगला झालेला असतो आणि दुष्काळाची आठवणही नसते.

लिंबाबद्दल इथेच सांगतो. २०२१ मध्ये शेजारच्या तेलंगणात लिंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळले. फोमॉप्सिस नावाची बुरशी आणि कोवळे शेंडे शोषणारा एक ढेकूण, असं ते दुखणं. असं लिंब पाहून लोक मेलं म्हणतात आणि जळतनाला देतात. नखाने डहाळीची साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पालवी धरण्याची चांगली शक्यता आहे. थांबा.

पाहणी करताना काय बघतात

समजा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारातली जुनी चिंच आहे. मी आधी लांबून बघतो, चारही बाजूंनी. कल आहे का, आणि तो जुना की नवा? जुन्या कलाचं झाड वर जाऊन पुन्हा सरळ वळलेलं असतं, त्याने स्वतःला सावरलेलं असतं. नवा कल असेल तर शेंड्यापासून बुडापर्यंत सगळंच एका रेषेत झुकतं आणि मागच्या बाजूची माती उचललेली किंवा चिरलेली दिसते. ते दिसलं तर लेकरांना त्याच दिवशी तिथून हलवायचं.

मग बुंध्याशी बसायचं. बुडाशी तपकिरी, वरून लाखेसारखी चमकणारी, कडेला पांढरी अशी कडक भूछत्रं आली आहेत का? त्या गानोडर्मा जातीच्या बुरश्या मुळं आणि बुंधा पोखरतात. एक छत्री दिसली म्हणून झाड संपलं असं नाही, पण बुंध्याभोवती ठिकठिकाणी त्या दर पावसाळ्यात येत असतील तर मुळं तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यानंतर लाकडी हातोडा. खोडावर वीतभर अंतराने ठोकत फिरायचं. घट्ट लाकूड टणक, छोटा आवाज देतं. पोकळीवर आवाज घुमतो. साल सुटलेली असेल तर भद्द वाजतं. हे आवाज खडूने खोडावर मांडले की ढोलीचा नकाशा तयार होतो. ढोलीत पातळ सळई घालून खोली मोजायची आणि कुजलेलं लाकूड हातात घ्यायचं. ते पांढरट, ओलं, दोऱ्यादोऱ्याचं असेल तर लाकूड मऊ होत जातं आणि झाड आधी वाकून इशारा देतं. तपकिरी, चौकोनी तुकडे पडणारं, चिमटीत भुकटी होणारं असेल तर ते जास्त वाईट, कारण असं लाकूड काही न सांगता काडकन मोडतं. शंका उरली तर बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणारी, किंवा आवाजाच्या लहरींवरून आतलं चित्र काढणारी यंत्रं आहेत. पण डोळे आणि हातोडा यांनी बहुतेक झाडांचा निर्णय होतो.

"शेंडा उडवला की धोका संपला ना?"

हा उपाय आपल्याकडे सगळ्यात जास्त केला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो. झाडाचं मुंडण केलं की पहिली दोन वर्षं सुरक्षित वाटतं. मग प्रत्येक खुंटातून दहा-बारा कोंब सरळ वर धावतात. मूळ फांदी खोडाच्या आतून, थरावर थर चढत घट्ट झालेली असते. हे कोंब फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात आणि त्यांच्या खाली उघडा खुंट कुजत असतो. काही वर्षांत ते भारी होतात आणि वळवाच्या पहिल्या झोडीत सोलून निघतात. वीजतारांखालच्या झाडांकडे बघा, तिथे हे दर वर्षी घडतं.

खरा उपाय म्हणजे घेर हलका करणं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि फांदी जितकी लांब तितका तो जोर बुडाशी जास्त ताण देतो. म्हणून लांब, पसरलेल्या फांद्या टोकाकडून थोड्या आखूड करायच्या, आणि काप अशा ठिकाणी घ्यायचा की मागे चांगली जाड, पानं असलेली उपफांदी उरेल. एका वेळी थोडंच, मग एक-दोन पावसाळे थांबून पुन्हा. म्हाताऱ्या झाडाची पानं हाच त्याचा स्वयंपाक आहे, तो एकदम बंद करता येत नाही. काही जुनी झाडं हे आपणहून करतात. वरचे शेंडे सुकू देतात आणि खालचा घेर दाट करतात. वाळके शेंडे पाहून घाबरण्याआधी खाली हिरवं वाढतंय का ते बघा.

कापायची रीत थोडक्यात सांगतो, कारण ती चुकली की सगळं व्यर्थ. जाड फांदीला तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालून, पाव-एक जाडीचा. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी तुटते आणि खालच्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो. झाड आपली भिंत त्याच फुगवट्यात उभी करतं. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला अगदी सपाट घासून कापलं की भिंतीची जागाच गेली, आणि लांब खुंट ठेवला की तो कुजीचं दार होतो. शिवाय १० सेंटिमीटरपेक्षा जाड फांदी कापण्याआधी दोनदा विचार करायचा. एवढा काप बंद व्हायला झाडाला वर्षं लागतात.

"ढोलीत सिमेंट भरलं तर?"

नको. पूर्वी जगभर भरत असत, आता सोडून दिलं आहे. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोहोंमध्ये फट पडते, तिथे पाणी साचतं आणि आतली कूज उलट सुखाने वाढते. पुढे झाड कापावं लागलं तर चेनसॉ सिमेंटवर आदळते आणि कापणाऱ्याच्या अंगावर उसळते, हा वेगळा धोका. कुजलेलं लाकूड खरवडून ढोली 'साफ' करणंही टाळा, कारण त्यात ती गडद रेघ खरवडली जाते. पाणी निघावं म्हणून खालून भोक पाडू नका, त्याच कारणाने.

कापावर गेरू किंवा ऑइलपेंट लावल्याने कूज थांबत नाही. मोसंबी-आंब्याच्या बागेत बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशीनाशक म्हणून, आणि तिथे तिचं काम आहे. पण जुन्या वडाच्या हातभर रुंद घावाला रंग फासून झाड वाचत नाही. आणि ढोलीत कचरा पेटवू नका. पोकळ खोड धुराड्यासारखं ओढतं, रात्रभरात आतून जळतं. बांध पेटवताना बांधावरच्या किती चिंचा अशा गेल्या, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

वडाचं मात्र नशीब वेगळं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीने कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, आणि ते झाड आजही हजारो पारंब्यांवर पसरत चाललं आहे. आपल्या गावातल्या वडाला हाच आधार देता येतो. कोवळ्या पारंब्या मातीने भरलेल्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत न्यायच्या. काही वर्षांत त्या खांब होतात. आपण मात्र रस्त्यात लोंबतात म्हणून पारंब्याच कापतो आणि वडाचा म्हातारपणीचा आधार काढून घेतो.

"माणसाच्या जिवापेक्षा झाड मोठं का?"

नाही. पण धोका हा झाड आणि त्याखालची माणसं अशा दोघांनी मिळून बनतो. माळावरची पोकळ चिंच पडली तर कुणाला काही होत नाही. तीच बसथांब्यावर असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कापण्याआधी विचारायचं: खालची वस्तू हलवता येईल का? पत्र्याची शेड, चहाची टपरी, दुचाकींची रांग, शाळेचा पाण्याचा नळ यांना दुसरीकडे नेणं झाड तोडण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. वादळात जुन्या झाडाखाली आसरा न घेणं हे तर फुकट आहे.

आणि काही झाडं काढावीच लागतात. नवा कल आणि उचललेली माती, वर्दळीच्या बाजूची तुटलेली मुळं आणि बुडाशी बुरशी, खोडाला आरपार गेलेली चीर, तपकिरी भुकटीची कूज. अशा झाडाखालून लोक रोज जात असतील तर मी तोडायलाच सांगतो, आणि उशीर करू नका असंही सांगतो. जागा मोकळी असेल तर वरचा भार उतरवून दोन-तीन मीटरचं खोड उभं ठेवता येतं. पिंगळा, पोपट, राखी धनेश, सातेरी मधमाश्या यांना ढोलीच लागते, आणि ढोली नव्या झाडात मिळत नाही.

"एक तोडू, दहा लावू"

लावा, जरूर लावा. पण लातूरसारख्या जिल्ह्यात वनक्षेत्र १ टक्क्याच्याही आत आहे. इथली सावली म्हणजे पाराचा पिंपळ, बांधावरची चिंच आणि रस्त्याकडेचं लिंब. रोपाला तीन उन्हाळे टँकरचं पाणी घालून ते जगलं, तरी त्याच्याखाली बैल बांधता यायला अर्धी पिढी जाते. दहा रोपं लावण्याच्या खर्चात एका जुन्या झाडाचं ओझं कमी करून ते आणखी काही दशकं उभं ठेवता येतं.

कायदाही हेच सुचवतो. शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. गावाकडे १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग ही झाडं त्याच्या यादीत आहेत, म्हणजे ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते.

कधी काय करायचं

पाहणी भाद्रपदात करा. भूछत्रं तेव्हाच वर येतात, वैशाखात ती शोधून सापडत नाहीत. छाटणी थंडीत, दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत. हवा कोरडी असते, ढोल्यांमध्ये सहसा पिल्लं नसतात आणि परवानगीसाठी हाताशी वेळ असतो. मे महिन्यात फक्त लोंबकळलेल्या, मोडक्या फांद्या उतरवा. ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याला आधी विचारा की तो फुगवट्याच्या बाहेर कापतो का, आणि चढणाऱ्याला दोर आणि हेल्मेट देतो का. दोन्हींना "त्याची काय गरज" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा.

दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच बाजूने झाडाचा एक फोटो काढून ठेवा. कल वाढला की नाही हे त्यावरून कळतं, आणि वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करताना तेच सगळ्यात मोठं कागदपत्र ठरतं. आणि दुष्काळाच्या वर्षी जुन्या झाडालाही पाणी लागतं. ते बुंध्यात ओतू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे चर न खणता माती थोडी मोकळी करा, पालापाचोळा पसरा आणि पंधरा दिवसांतून एकदा एक टाकी तिथे सोडा.